डिकीतला मासा

इंचॉन, ३ मार्च १९९६

ती. ताईस,
माल-सुकचा सा. न. वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. त्यातल्या तीन थंडीवर. भाऊजींना जाऊन चार महिने झाले आणि तू अजून रडली नाहीस, याचीच मला काळजी वाटते. तुझी शेजारीण फोनवर सांगत होती, तू रोज सकाळी त्यांच्या गाडीत बसून इंजिन सुरू करतेस आणि तशीच बसून राहतेस. अगं, तुला गाडी चालवता तरी येते का? विकून टाक आणि इकडे ये. माझा नवरा घोरतो, तेवढं सोस.

लोभ आहेच, कधीमधी तो कागदावरही दिसू दे.
माल-सुक

जंगसन, १० मार्च

चि. माल-सुक हिस अनेक आशीर्वाद.

गाडी बंद ठेवली की बॅटरी उतरते, असं हे दवाखान्यात म्हणाले. त्यांचं शेवटचं बोलणं तेच. म्हणून सुरू करते. सीट त्यांच्या मापाने मागे आहे, माझे पाय पोचत नाहीत.

दुःख होतं का, तर काही होत नाही. जेवणाला चव लागत नाही, म्हणून मीठ घालणंही सोडलंय. रविवारी एक मास्तर गाडी बघायला येणार आहेत. देऊन टाकते.

तुझी ताई

जंगसन, १९ मार्च

चि. माल-सुक हिस अनेक आशीर्वाद.

गाडी गेली. नेताना मास्तरांनी डिकीतून तो सुकवलेला मासा काढला. गाडी आली त्या दिवशी, अपघात टळावा म्हणून आम्ही पांढरा दोरा गुंडाळून ठेवलेला. ह्यांनी चाकांवर तांदळाची दारू शिंपडून गाडीला नमस्कार केला, तेव्हा तू म्हणाली होतीस, भाऊजी, सासूला कधी एवढे वाकला नाहीत. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. म्हणाले, ही तुमच्या घरची राखण, मी माझी आणीन.

टाकवेना. रात्री जास्त झाली की सकाळी ह्यांना याच माशाचं सूप लागायचं. म्हणून कुटला आणि उकळायला ठेवला. घरभर पेट्रोलचा आणि ह्यांच्या सिगारेटचा वास सुटला. बाजारातून आले की यायचा तसाच. माल-सुक, मी ओट्याला धरून खूप रडले.

ते खाण्याजोगं नव्हतंच. तरी चमचाभर तोंडात घातलं. अळणी लागलं. उठून मीठ घातलं.

तुझ्या नवऱ्याला सांग, घोरू दे. मी येते.

तुझी ताई