जाऊ दे आणि जवा दे

बाबा, माझ्या नातीला परवा शिकाऊ लायसन्स मिळालं आणि काल दुपारी जेवताना सगळं घर गाड्यांवरच बोलत होतं. जावयांना उंच, काळी, छतातून आकाश दिसणारी गाडी हवी आहे. नातीला विजेवरची, आवाज न करणारी. मला तुमच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली, मासिकातून कापलेली ती दोन दारांची फिकट हिरवी विलायती गाडी आठवली. "दोन दारांत आपण पाच जण शिरणार कुठून?" आई विचारायची. "तू पुढे बस, बाकीचे रिक्षाने येतील," तुम्ही म्हणायचात. मग विषय नियमांवर आला. जावई म्हणाले, "आई, पिवळा दिवा बघून थांबणारा माणूस बडोद्यात मागून धडक खातो." त्यावर नातीने तुमची 'जाऊ दे'ची गोष्ट काढली. तिने तुम्हाला पाहिलेलंही नाही. त्या दिवसाचं एक तुम्हाला सांगायचं राहिलं आहे, म्हणून लिहायला बसले.

कोयलीला तुमच्या रिफायनरीच्या आवारात गाडी वीसच्या वर न्यायची नाही, हा नियम तुम्ही फाटकाबाहेरही पाळायचात. रविवारी सकाळी आपली जुनी पांढरी गाडी निघाली की शेजारचे काका ओट्यावरून ओरडायचे, "साहेब, बळदगाडुं क्यां चाल्युं?" आपल्या गाडीला बैलगाडी म्हटलं तरी तुम्ही हात हलवायचात. मला शिकवतानाही फार बोलायचा नाहीत. चौकात कुणी आडवं येत असलं तर एवढंच, "जाऊ दे." म्हणजे त्याला आधी जाऊ दे, आपण थांबायचं. पण बसचा कंडक्टर घंटी मारून "जवा दे" म्हणतो तेव्हा बस सुटते. घरातल्या मराठीत थांबायचं, रस्त्यावरच्या गुजरातीत निघायचं.

त्या दिवशी फतेगंजच्या चौकात डावीकडून एक प्रौढ गृहस्थ सायकलवर पावाची टोपली घेऊन येतात. तुम्ही म्हणता, "जाऊ दे." मी ॲक्सिलरेटर दाबते. सायकल आडवी होते आणि पाव रस्ताभर पसरतात. त्यांचं मनगट मोडलं. "अगं, मी काय म्हटलं होतं?" तुम्ही विचारलंत, आणि माझ्या तोंडून निघालं, "मला 'जवा दे' ऐकू आलं." तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत. मग त्यांच्याजवळ खाली बसून म्हणालात, "वांक मारो छे, भाई. छोकरीनो नथी." चूक तुम्ही अशी स्वतःवर घेतलीत, आणि तेच उलट तुमची समजूत घालू लागले, "चाले, साहेब. हाडकुं छे, जोडाई जशे." प्लॅस्टर निघेपर्यंत दर रविवारी तुम्ही त्यांच्या घरी गेलात. मला कधी चल म्हणाला नाहीत. पुढे माझ्या शेजारी बसून तो शब्द तुम्ही कधीच उच्चारला नाहीत. "थांब" म्हणायचात, अगदी सुटा आणि स्पष्ट. पाहुण्यांना मात्र हसत सांगायचात, "आमच्या बडोदेकर मराठीने एक माणूस पाडला." शेवटच्या दुखण्यात नर्सलाही सांगितलंत. मी तुमच्या पायाशी बसून हसले होते.

मला नीट ऐकू आलं होतं, बाबा. कोपऱ्यावर कॉलेजातल्या दोन मैत्रिणी उभ्या होत्या आणि त्यांच्यादेखत एका सायकलसाठी मला थांबायचं नव्हतं. एवढंच कारण. ते उत्तर मी ठरवून दिलं नाही, अचानक सुचलं. पण तुम्ही ते इतक्या चटकन खरं मानलंत की मागे घ्यायचा धीर झाला नाही. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर चूक लिहून काढायला लावायच्या आणि खाली सही घ्यायच्या. घरी तुम्ही विचारलंतही एकदाच.

काल गोष्ट संपवून नातीने विचारलं, "आजी, खरंच असं झालं होतं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो गं, अगदी असंच." वर पाव कसे पसरले तेही सांगितलं, ते तिला माहीत नव्हतं. रविवारपासून ती माझ्याकडे गाडी शिकणार आहे. त्याआधी तिला हे वाचून दाखवायचं, असं मनाशी धरून सकाळी बसले. ती आत्ताच येऊन गेली. काय लिहितेस, म्हणाली.

किराण्याची यादी, म्हटलं.