यादीतला निळा स्वेटर

ताई,

उठलीस की आधी हे वाच, मग खोक्याला हात लाव. ते जर्मनीला न्यायला कल्याणहून टेम्पो अकराला येतोय. मी पावणेसातच्या एसटीनं शाळेत चाललेय, आज सायन्सचं प्रॅक्टिकल आहे.

खोकं मी आज तिसऱ्यांदा भरलं, कंबर गेली गो माझी! सामान पाठवणाऱ्या एजंटला काल मीच फोन केला, जराही घाबरले नाय. जहाजानं पाठवायचं तर वजन नाय, जागा मोजतात. म्हणून फुगलेली रजाई काढली आणि तुझी नर्सिंगची जाडजूड पुस्तकं सगळी कोंबली. खाण्याचं मात्र काहीच चालत नाय. आईनं तळाशी परत तांदूळ लपवले होते, ते तुझ्या विमानाच्या बॅगेत टाकलेत. त्यावरून तिला परत ओरडू नको. काल "तुला काय कळतं त्यातलं?" म्हणालीस, तेव्हापासून ती धड जेवली नाय.

आता एकच काम तुझं. तू सही केलेली सामानाची यादी आणि खोकं जुळलं नाय तर जर्मनीत सामान अडकतं. म्हणून यादीतला तुझा हॉस्टेलचा निळा स्वेटर खोड.

मला वाटलं माझ्याच हातून कुठं पडला, सगळं घर पालथं घातलं. आई तो घालून गोठ्यात धार काढतेय. थंडी कधीच सरली, परवापासून तीच "उकडतंय" म्हणतेय.

मागू नको. तिकडं नवीन घे.

मिताली