डाव्या हाताची गाठ

३ मार्च

चि. बारकीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

शस्त्रक्रिया विभागात तुला महिनाभराच्या उमेदवारीला बोलावल्याचं आईने फोनवर तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी छान म्हणाले. आपल्या घरी गोड ते फोनवर बोलायचं आणि खरं ते पत्रात लिहायचं, म्हणून लिहिते: माझा नुसता जळफळाट झालाय.

गेल्या वर्षी तिथेच महिनाभर राबून मी मुलाखतीत आपटले, तेव्हा चार शहाणपणाच्या गोष्टी ऐक. मार्कांनी दार उघडतं, पण तेवढ्यावर कोणी आत बसवून घेत नाही. शोधनिबंधावर नाव असेल तर तो निदान वाचलेला असू दे. राउंडला पुढे पुढे करू नकोस, सिस्टरांशी तोऱ्यात वागू नकोस. आणि बसल्या बसल्या पाय हलवणं बंद कर.

मी यंदा तिथल्या कायमच्या जागेसाठी अर्ज करणार नाही. लोकांना सांगते, दवाखान्यातली नोकरी बरी आहे. खरं म्हणजे जागा एकच, आणि तुझ्याकडून हरले तर मला तुझं तोंड बघवणार नाही.

लोभ आहे, सध्या थोडा आंबलाय.

तुझी ताई

२६ मार्च

ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार.

पहिल्याच शस्त्रक्रियेत विभागप्रमुख सरांनी मला टाक्याची गाठ मारायला सांगितली आणि मध्येच थांबवलं. लिहितेस उजव्याने, मग गाठ डाव्याने कशी, म्हणाले. तू डावखुरी. स्वयंपाकघरातल्या खुर्चीला दोरा बांधून सराव करायचीस, आणि शेजारी बसून मी तुझंच बघून शिकले. हात चुकतोय हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. सर म्हणाले, अशी गाठ गेल्या वर्षी एका मुलीची पाहिली, तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ती माझी बहीण, असं मला सांगावं लागलं.

मग तिला का नाही घेतलं, मी विचारलंच. म्हणाले, मुलाखतीत तिला स्वतःची एखादी चूक विचारली, तर तुझ्या ताईसाहेब म्हणाल्या, माझी चूक होत नाही. जिला आपली चूक दिसत नाही तिच्यावर वॉर्ड कसा सोपवायचा? यंदा येईल ना, असंही विचारत होते.

तेव्हापासून रोज तुझं कौतुक ऐकते. माझे मार्क कुणी विचारत नाही. जळायला काय तुला एकटीलाच येतं? हे तुला कळवूच नये असं किती दिवस वाटत होतं. अर्जाची मुदत सोमवारी संपते, गप्प बसले असते तर मैदान मोकळं होतं. पण मग माझी गाठ बघून सरांना जन्मभर तूच आठवशील. ते मला नको.

लोभ नंतर कर, अर्ज आधी.

तुझी बारकी

३० मार्च

चि. बारकीस, आशीर्वाद, पण बेताने.

पत्र वाचून आधी तुझ्यावर चिडले, मग सरांवर. चिडायला तिसरं कोणी उरलं नाही तेव्हा अर्ज भरला. आईने विचारलं, आता देवाला कोणाचं नाव सांगू? मी फोन ठेवला.

मुलाखतीत चूक विचारलीच, तर उत्तर तयार आहे. सांगेन, उजव्या हाताच्या बहिणीला डाव्या हाताची गाठ शिकवली आणि तिच्या हाताकडे कधी बघितलंच नाही. आता ती याच जागेच्या मुलाखतीसाठी बाहेरच्या बाकावर बसली आहे, आणि माझ्याइतकीच चांगली गाठ मारते.

निकालानंतर महिनाभर लिहू नकोस, कोणीही हरलं तरी. मग मात्र लिही. माझा लोभ जळका असला तरी कमी नाही, तो सांभाळावास ही विनंती.

तुझी ताई