गाडी सेल्फ घेत नाही

मोरबी, ६ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
अश्विनचा साष्टांग नमस्कार वि. वि.

म्हणजे पुन्हा माझीच चूक! गाडी आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडली तर त्यातही मीच, काहून की दिवाळीत टेप मी बसवला. फोनवर तुम्ही हेच म्हणता, मग माझा आवाज चढतो अन् तुम्ही फोन कापता. म्हणून लिहून राहिलो. आमच्या कारखान्यातून धोंडबा ड्रायव्हरचा टाइल्सचा ट्रक कन्हानले निघाला आहे, त्याच्या हाती देतो.

टेपचा फ्यूज काढून पाहा. तरी बॅटरी उतरली तर टेपले शिव्या देणं बंद करा. डायनामो बदलला, दोन मिस्त्री झाले, अन् सकाळी चावी फिरवली की नुसतं कट-कट. सहा महिन्यांची बॅटरी अशी मरत नाही. करंट कोणीतरी खाऊन राहिलं आहे.

मले गाडीचं काही नाही. मिनलताई बाळंतपणाले माहेरी आली आहे, तिचं बीपी वाढलं आहे. डॉक्टरीणबाईनं बजावलं की कळा सुरू झाल्या की एक मिनिट थांबू नका, सरळ नागपूरले आणा. तुम्ही म्हणता घरी गाडी असताना दुसऱ्याची कशाले. मग ती चालू तर व्हायले पाहिजे ना!

लोभ रागासकट असू द्यावा.
तुमचा अश्विन


कन्हान, १२ जानेवारी

चि. अश्विन यास मिनलताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी दोनदा वाचलं अन् म्हणाले, पोराचं अक्षर अजून कोंबडी चालल्यासारखंच आहे. फ्यूज मात्र काढला. फरक पडला नाही. पडणारच नव्हता गा.

तुले सांगू नको म्हणून बाबांनी बजावलं आहे, अन् मी फोन घेतला की बाजूले येऊन बसतात. म्हणून लिहिते. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात. तारेच्या कुंपणाच्या झटका मशीनले बॅटरी लागते. रोज संध्याकाळी बाबा गाडीची बॅटरी काढून, सायकलले बांधून शेतात नेतात. मशीन तिच्यावर, मोठा फोकसही तिच्यावर. सकाळी आणून परत लावतात. मागच्या वर्षी तू वेगळी बॅटरी घ्या म्हणालास, तेव्हा तुझ्यामागं ते म्हणाले होते की गाडी रात्रभर झोपूनच असते, तिची बॅटरी कशाले आरामात ठेवायची! त्यावरच अडून आहेत. मिस्त्र्यालेही सांगितलं नाही.

शनिवारी दिवे लागायच्या वेळेस माझ्या पोटात दुखू लागलं. आई चावी घेऊन धावली, तर गाडीत बॅटरीच नाही. बाबा शेतातून घेऊन आले, पण घाईत टर्मिनल बसता बसेना. तोवर दुखणं थांबलं. आई म्हणाली, खोट्या कळा. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

रविवारी बॅटरी पुन्हा शेतात गेली. म्हणतात, तारीख अजून लांब आहे, अन् डुकरं काही तारीख पाहून येत नाहीत.

त्यांच्यावर ओरडू नको. मले भीती वाटते, एवढंच.
तुझी ताई


मोरबी, १६ जानेवारी

तीर्थरूप बाबांस सा. न.

ताईले काही बोलू नका. लिहिताना ओरडता येत नाही, तेच बरं आहे. डुकरं तारीख पाहून येत नाहीत म्हणता. लेकरू तरी कुठं पाहून येते, बाबा?

रोज उतरवून उतरवून ती बॅटरी संपली आहे. आता गाडीत ठेवली तरी भरोसा नाही. हे पत्र मिळाल्या दिवशीच नवी घ्या, मिस्त्र्याकडूनच बसवून घ्या, अन् ताई मोकळी होईपर्यंत त्या बॅटरीले कोणी हात लावू नका. जुनी चार्ज करून घ्या अन् शेतात राहू द्या. फोकस काढला तर मशीनपुरती चालेल. अन् हरभरा गेलाच, तर जाऊ द्या.

तुम्ही म्हणता मी कुठं टिकत नाही. खरं आहे. हेही काम सोडून ताईच्या बाळंतपणाले यायचं ठरलं होतं, मालकाले सांगूनही टाकलं होतं. काल जाऊन परत विचारलं. तो हसला, पण ठेवून घेतलं. आईले सांगा, वाट पाहू नका.

तिकिटाचे अन् बाळाच्या कपड्यांचे बाजूले ठेवले होते, तेच पैसे बॅटरीसाठी देऊन राहिलो. फोनवरून पाठवले की तुम्ही परत धाडता, म्हणून रोख, धोंडबाच्या हाती.

माया कमी करू नका.
तुमचा अश्विन

सोबत रुपये सहा हजार आठशे.