स्थिती : उत्तम

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. खोली बरी आहे, खिडकीतून समोरच्या लाँड्रीचे दोर तेवढे दिसतात. आता रडगाणं ऐक. इथलं मोजणीचं थिओडोलाइट बिघडलंय आणि नवं यायला तीन महिने लागतील. मी आपली साहेबांना छातीठोकपणे सांगून बसले, की आमच्या बाबांचं यंत्र घरी आहे, ते मागवते. दवाखान्याच्या कुंपणाची हद्द आखायची आहे. परक्या देशातलं माझं हे पहिलं स्वतंत्र काम. नीट झालं तर पुढच्या दोन जागांची मोजणीही मलाच मिळेल, फसलं तर घरची वाट.

गुडघ्यांमुळे तू हल्ली मोजणीला जातच नाहीस, तेव्हा पाठवशील ना? पेटी मात्र स्वतः नेऊन दे, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, यंत्र तेवढं धाड.

तुझी,
शेंडेफळ


१९ मार्च

चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून वहिनी म्हणाली, ही हक्क गाजवायलाच जन्माला आली आहे. असो. यंत्र काल रवाना झालं. माल पाठवणाऱ्यांची कचेरी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, आणि विमानाचा माल साडेबारापर्यंतच घेतात. खिडकीशी पोचलो तेव्हा दोन मिनिटं उरली होती. तिथे एक छापील तक्ता भरून द्यावा लागतो : वस्तू, क्रमांक, वजन, स्थिती. स्थितीच्या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं आणि सही केली.

तिपाईची टोकं गोणपाटात बांधली आहेत, नाहीतर कुणाच्या पोटात जायची. ओळंबा पेटीच्या डाव्या खणात आहे. बाबांचं वाक्य तुला नव्याने सांगायला नको : माणूस दुतोंडी नसावा, यंत्र मात्र दोन्ही तोंडांनी वाचावं.

जिवाला जप आणि पोच कळव.

दादा


२१ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आलं एकदाचं! जकातवाल्यांनी अकरा दिवस अडवून ठेवलं होतं, कारण तुझ्या तक्त्यातला सात त्यांना एक वाटला. तुझ्या अक्षराचं कौतुक करणाऱ्या मास्तरांना हे जरूर कळव. शेवटी तिथल्या अधिकाऱ्याने दुर्बिणीला डोळा लावला. त्याला स्वतःचाच शिपाई खाली डोकं वर पाय असा दिसला, आणि तो इतका खूश झाला की शिक्का मारून मोकळा झाला. बाकी पेटीला बुटाच्या पॉलिशचा वास येतोय हं! एक कोपरा तर नुसता चमकतोय. लेकीची पाठवणी करावी तशी नटवून पाठवली आहेस.

साहेब घाईला आले होते, म्हणून दुसऱ्याच दिवशी काम उरकलं. रेषा एकशे ऐंशी मीटर पुढे न्यायची होती. मागचा खुंट पाहिला, दुर्बीण उलटवली आणि पुढचा खुंट मारला. खरं तर यंत्र फिरवून, दुर्बीण उलटीच ठेवून मागचा खुंट पुन्हा पाहून, तेच दुसऱ्या तोंडाने करायला हवं होतं. खुंट दोन ठिकाणी पडले तर यंत्र बिघडलेलं आणि मधली जागा खरी. पण म्हटलं, दादाने ‘उत्तम’ लिहिलंय, त्यावर शंका कशाला? बाबा असते तर कान पिळला असता. पाच मेपासून कुंपणाच्या भिंतीचा पाया खणायला घेतील.

वहिनीच्या हातचं जेवायची फार आठवण येते. दोघांचा लोभ सांभाळून ठेवा.

शेंडेफळ


२ मे

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद.

सहज लिहितो आहे. ती रेषा एकदा दुसऱ्या तोंडानेही बघून घेशील का? तसं विशेष काही नाही. प्रवासात यंत्राला हिसका बसू शकतो, इतकंच. पाया चार दिवस पुढे ढकलता आला तर बरं. वहिनी विचारते, वेळेवर जेवतेस ना?

घाईत आहे.

दादा


१६ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ‘सहज’ पोचलं तेव्हा भिंत कमरेइतकी उभी राहिली होती. शेजारी एक म्हातारी सुईण एकटीच राहते. तिने जुना हद्दीचा दगड दाखवला आणि त्याच्यापासून स्वतःच्या हाताची वीत लावली. भिंत तिच्या अंगणात वीतभर आत आहे. पाया खणताना तिच्या लिंबाची मुळं तुटली, पानं गळायला लागली आहेत. ती भांडली असती तर सोसलं असतं. तिने फक्त विचारलं, की मोजलं होतंस ना बाई?

परवा यंत्र दोन्ही तोंडांनी लावून पाहिलं. दोन खुंट एकमेकांपासून दोन विती लांब पडले. साहेबांनी लेखी खुलासा मागितला, तेव्हा ‘माझी चूक’ एवढंच लिहून दिलं. मला ठेवायचं की घरी धाडायचं ते पुढच्या महिन्यात ठरेल.

तुला काही सांगायचं असेल तर सांग, दादा.

शेंडेफळ


२५ मे

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद द्यायचा अधिकार उरला असेल तर अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र या वेळी मोठ्याने वाचलं नाही, तेव्हाच वहिनी काय ते समजली. यंत्र पाठवायला त्या कचेरीचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर माझा गुडघा लचकला आणि पेटी सहा पायऱ्या गडगडत गेली. उघडून पाहिलं तर काच शाबूत. कोपरा चेपला होता. खाली दारात एक बूटपॉलिशवाला बसतो, त्याच्याकडून तो कोपरा रंगवून घेतला आणि वर जाऊन ‘उत्तम’ लिहिलं.

तपासायला आठवडा गेला असता, तुझं काम गेलं असतं, असं मी मनाला समजावलं. ते निमित्त. बाबांचं यंत्र माझ्या हातून पडलं, हे तुला सांगायची लाज वाटली. एकदा तार करायला टपालकचेरीत गेलो आणि तिकिटं घेऊन परत आलो. दोन मेला ‘सहज’ लिहिण्याऐवजी तार केली असती, तर पाया थांबला असता. हे रोज आठवतं. घास गिळवत नाही.

सोबत साहेबांसाठी वेगळं पत्र आहे, त्यात सगळं कबूल केलं आहे. माझी भीड न ठेवता ते दे. दुतोंडी नसावं, हे मीच तुला लिहिलं होतं.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.

दादा


१२ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, यंत्र पडलं होतं हे कळलं, पण तू दुसऱ्या तोंडाने का नाही पाहिलंस? मग त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगते.

पॉलिशखालचा तो पोचा पेटी उघडली त्याच दिवशी माझ्या बोटाला लागला होता. विचारलं असतं तर तू लगेच कबूल झाला असतास, हे मला ठाऊक होतं. मग यंत्र तपासायला गेलं असतं आणि काम दुसऱ्या कुणाला. म्हणून मी वासाची चेष्टा केली आणि तुझ्या ‘उत्तम’आड लपले. तुझ्यावरचा विश्वास वगैरे काही नव्हता तो. मला काम हवं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी तुला तिथे धाडणारीही मीच.

मला घरी पाठवलेलं नाही. पुढच्या दोन्ही जागा मात्र गेल्या, आणि वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली पट्टी धरायची आहे. भिंत पाडून वीतभर मागे घेतली. मी रोज परतताना सुईणबाईंच्या लिंबाला पाणी घालते. जगेल की नाही, त्यांनाही सांगता येत नाही. दोन दिवसांपासून त्या माझ्यासाठी बादली भरून ठेवतात.

तेव्हा नीट जेव. यंत्र आज परत पाठवते आहे. इथेही तोच तक्ता भरावा लागला. स्थितीच्या रकान्यात मी लिहिलं : पडलेलं आहे, दुरुस्त होईल.

लोभ होता तसाच असू दे.

शेंडेफळ