आबांच्या डाव्या हाताची काठी

इस्लापूर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. वहिनींचा खोकला थांबला का? आईने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे. सकाळी आता चांगलीच थंडी पडते.

फोन करता आला असता. पण तू बोलायला लागलास की माझ्या तोंडून 'हाव दादा, हाव दादा' एवढंच निघतं आणि फोन ठेवल्यावर मी न्हाणीत जाऊन स्वतःशी भांडते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

तू विचारलंस, लातूरला यायचं आबांचं सामान भरून झालं का. नवीन सामान आलं आहे. गळाची काठी.

लकव्याने उजवा हात आणि वाचा गेल्यापासून आबांनी एकदाच काही मागितलं, तेही बोटाने दाखवून. कोपऱ्यातली त्यांची गळाची जुनी वेळूची काठी. डाव्या हाताने उचलायला गेले, तर टोक जमिनीवरून हललं नाही. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवायलाही वळले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला गेले.

दुकान चांदपाशाचाचांचं. त्यांनी आधी जाडजूड काठी पुढे केली. "ही घ्या बाई. हिच्यानं मगर बी वर येतंय."

"मगर नको चाचा. एका हातानं उचलता येईल अशी दाखवा. डाव्या."

"मासा धरायचाय का भाकर थापायचीय?" म्हणाले. आबांचं सांगितलं, तसं त्यांनी माळ्यावरून सगळ्या काठ्या खाली काढल्या.

तू मला ओळखतोस. साधं पेन घेतानाही मी चार दुकानं फिरते. उजवा हात ओढणीत गुंडाळला आणि एकेक काठी डाव्या हाताने उचलून बघितली. दुकानातली माणसं बघून राहिली होती. माझे कान तापले, पण हात ओढणीतून काढला नाही. रीळ असलेली नको, कारण ती फिरवायला दुसरा हात लागतो. बारा फुटी जड, मनगट लगेच वाकतं. कार्बनची पिसासारखी हलकी, पण तिच्यातून वीज उतरते, आणि डोहाच्या वाटेवर मोटारीची तार किती खाली लोंबते ते तुला माहीत आहे. शेवटी नऊ फुटी, काचतंतूची, एकात एक सरकून हातभर होणारी घेतली. आपल्या डोहाला काठाशीच खोली आहे, तेवढी पुरते. चिलापी, राहू, मिरगल, शिंगटा, सगळ्यांना हीच चालेल. गळाचा दोरा, तंगूस, मुद्दाम बारीक घेतला. मोठं जनावर लागलं तर तंगूस तुटावा, आबा ओढले जाऊ नयेत. मरळ मात्र सोडून दिली. ती या काठीचं काम नाही. माझ्या शिकवणीच्या पैशांत सगळं बसलं.

आता पुढचं वाचताना चिडशील.

परवा दुपारी आबांना डोहावर नेलं. खुर्चीचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून खाली फळी टाकली. कमरेला आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा बांधून त्याच्या टोकाची बाभळीला गाठ मारली. आई म्हणाली, "नवऱ्याला दावणीला बांधलं गं पोरीनं!" आबांचे खांदे हलले. हसत होते ते.

शाळेच्या आधी याच वाळूत त्यांनी मला अक्षरं शिकवली. तंगूसावर तरंगणारा भेंडाचा तुकडा वाचायलाही इथेच. पाण्यावर नुसता थरथरला तर चिलापी, तिरका चालू लागला तर राहू, दोनदा डुबकी घेतली तर शिंगटा. आणि उभा तुकडा आडवा पडला तर मिरगल, तळातून आमिष वर उचलतोय.

तुकडा आडवा पडला. आबांनी काठी उचलली. उचलली, दादा! ती वाकली, आणि मी घाबरट, धावत जाऊन तंगूसच हाताने धरला.

"गाढवे! ढील दे!"

आबांचे शब्द तुटके होते, पण 'गाढवे' अगदी स्वच्छ. मासा सुटला. आई रडत म्हणाली, "पाच महिने वाट बघितली मी, आन पहिला शब्द हिला. तो बी गाढवे!"

तर दादा, रविवारी आबा लातूरला येणार नाहीत.

तू म्हणशील, पाण्यात पडले तर? ही भीती मला तुझ्याहून जास्त वाटते, कारण तिथे मी उभी असते. भीती वाटते म्हणूनच फळी आहे, पट्टा आहे, बारीक तंगूस आहे. भीती वाटते म्हणून नदीकाठचा माणूस तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवायचा, हे मला पटत नाही. तू असंही म्हणशील, गाव बोलेल, पोरगी नदीवर गळ टाकून राहिली म्हणून. गाव बोलून राहिलं आहे. मी टाकून राहिले आहे.

तुझं मन वाईट नाही, हे मला कळतं. तिकडे दवाखाना जवळ आहे, वहिनींनी खोली रंगवून ठेवली आहे. महिन्यातून एकदा मी स्वतः आबांना तपासणीला आणीन आणि संध्याकाळच्या गाडीने परत नेईन. पण हे सगळं तू ठरवलंस आणि मी 'हाव' म्हटलं. आबांना कुणी विचारलं? बोलता येत नाही म्हणजे मत नाही, असं आपण दोघं धरून चाललो.

काल मी विचारलं. वाळू सपाट केली आणि त्यांच्या डाव्या हातात काडी दिली. अक्षरं आधी कोलमडली. मी पुसून पुन्हा सपाट करत राहिले, ते माझ्यासाठी करायचे तसं. आज त्यांना हा कागद दिला. खालची ओळ त्यांची आहे. मी हात धरलेला नाही.

वहिनींना नमस्कार.

आबांना न पाठवणारी तुझी बहीण,
मंजुषा

येत नाही. तू ये. गांडुळं काढायला माणूस पायजे.