ओला दगड

संत मायकेलचा सण

पोचलो एकदाचे ब्रेवालला! पेरोनेल गाढवावर, रंगांच्या पिशव्या माझ्या पाठीवर आणि चिखल दोघांच्याही अंगावर. सारा रस्ता बायकोने मला हसवलं. कॅथेड्रलचा दरवाजा पाहिला आणि उरलासुरला शीणही पळाला. काय मूर्ती आहेत! संत, देवदूत, खाली नरकात लोळणारे पापी, सगळे आत्ता बोलतील असे. त्या रंगवायचं काम माझं. घडवणाऱ्या मिस्त्रींना नाव विचारलं, तर म्हणाले, देवाला ठाऊक आहे तेवढं बास, तू आपले नाक-डोळे रंगव. गावातही त्यांना नुसतं मिस्त्रीच म्हणतात.

उतरलो आहोत रिशेल्द नावाच्या खाणावळवालीकडे. बाई तोंडाळ, पण हाताला चव आहे. फक्त तिच्या खालच्या ओठाला एक ओली गाठ लोंबते, आणि ती ज्या फडक्याने टिपते त्याच फडक्याने वाडगे पुसते. मी माझा वाडगा पुन्हा धुऊन घेतला. पेरोनेल म्हणाली, तुम्ही राजवाड्यातच जन्माला यायचे, चुकून रंगाऱ्याच्या घरी आलात.

संत डेनिसचा दिवस

काम सुरूच होत नाही. दगड ओला आहे. खाणीतून नवा काढलेला दगड आपलं पाणी सोडत राहतो. ते संपेपर्यंत त्यावर कढत जवसाचं तेल आणि सफेदा चढवायचा नसतो, नाहीतर रंगाला फोड येतात. पण हे पाणी कसलं! एका प्रेषिताचं कपाळ पुसलं, तर फडकं पिवळं आणि चिकट. वास काखेचा. दुपारी मला जेवण गेलं नाही.

तो प्रेषित म्हणजे हुबेहूब इथला पाव भाजणारा गोंत्रान भटारी. नरकातल्या एका दारुड्या बाईच्या ओठाला बेडूक लटकला आहे, ती आमची रिशेल्द. मिस्त्री गावातलेच चेहरे घेतात. प्रेषिताच्या डोक्यावर दिवसभर कबुतरं घाण करतात. गोंत्रानच्या टकलावर पांढरे खवले आहेत, ते कणकेत पडतात. मी पाव बाजूला सारला, तर रिशेल्द म्हणे, खा की रंगाऱ्या, फुकटचं मीठ आहे. सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

संत ल्यूकचा दिवस

आम्हा रंगाऱ्यांच्या संताचा दिवस, आणि आजच मिस्त्रींनी दरवाजाच्या मधल्या खांबावरच्या मरियामातेसाठी पेरोनेलचा चेहरा मागितला! माझी छाती फुगली. ती मात्र कुरकुरली, चीज दाबून बघावं तशी हनुवटी दाबतो मेला, बोटं गार आणि बुळबुळीत. मी म्हटलं, वेडे, हजार वर्षं लोक तुझ्यापुढे गुडघे टेकतील. मीच तिला हाताला धरून नेऊन बसवलं.

सर्व संतांचा दिवस

मूर्ती उभी राहिली. पेरोनेलच ती. चढवताना दोर घासून मूर्तीच्या कानाची पाळी जराशी उडाली. खोलीवर आलो, तर पेरोनेल कानाला फडकं लावून बसलेली. रक्त थांबत नव्हतं. कशाने लागलं ते तिला सांगता येईना.

मला सांगता आलं असतं. ओठाचा बेडूक, डोक्यावरची कबुतरं, आता हा कान. जे मूर्तीला होतं, तेच माणसाला. तसाच मिस्त्रींकडे धावलो. ते छिन्नीला धार लावत म्हणाले की ओला दगड माणसाला धरून ठेवतो, म्हणून तर चेहरे जिवंत होतात. वसंतात वाळला की सोडतो. तोवर थोडी खाज, थोडी घाण सोसायची, गाव सोसतंच आहे. मला शिसारी आली, त्यांची आणि माझीही.

संत मार्टिनच्या सणाची पूर्वसंध्या

थंडीचा कडाका येतो आहे. दगडातलं पाणी गोठलं की दगड तडकतो. म्हणून इथले गवंडी हिवाळ्याआधी ओल्या मूर्तींवर डुकरांची घाण आणि कुजका पेंढा थापतात. आज बहुतेक मूर्तींवर थापला. संध्याकाळी रिशेल्द सारखी थुंकत होती, तोंडात तीच चव येते म्हणे. गोंत्रानच्या नाकातून काळपट काहीतरी गळत होतं आणि तो तसाच पावाची कणीक मळत होता. वर मलाच म्हणाला, घाण तर घाण, डोकं फुटण्यापेक्षा बरी.

उद्या पेरोनेलच्या मूर्तीची पाळी. ती म्हणते, बाकीचे सोसतात तर मीही सोसेन. पण मला ते सोसवणार नाही. त्या तोंडाला मी तोंड कसं लावू?

संत मार्टिनचा सण

गवंड्यांना हाकलून दिलं. मूर्ती स्वच्छ पुसली, कढत तेल पाजलं, वर सफेद्याचे हात दिले. आता थंडी आत शिरणार नाही. फोड आले तर येवोत, पुन्हा रंगवीन. काय सुंदर दिसते आहे!

पेरोनेल म्हणते अंग भाजतं आहे. आता म्हणते, घामच येत नाही.

दुसरा दिवस

तिची कातडी गुळगुळीत, पांढरी. एक रंध्र दिसत नाही. ओठांच्या कडा चिकटल्या आहेत. फटीतून पेज भरवली, ती नाकातून आली, पिवळी, आंबूस. मला उलटी झाली. मला! आणि तिने माझं तोंड पुसलं —

तिसरा दिवस

ओठ नाहीत. नुसती रेघ. नाकपुड्या बारीक होत चालल्या — मिस्त्रींचे पाय धरले. म्हणाले, खरवडू नकोस, रंगाबरोबर ओल्या दगडाचं कातडं निघून येईल. मग काय करू? ते नवा दगड घडवताहेत.

मूर्तीपाशी

तिला इथे आणलं आहे. रिशेल्दने धरलं आहे. मूर्तीच्या तोंडावर रंगाला फोड आला आहे, पिवळा, ताणलेला. पेरोनेलच्या छातीबरोबर तो वर — खाली —

फोडला तर श्वास मोकळा होईल. किंवा कातडं —

रिशेल्द म्हणते, घाण थापू दिली असतीस तर, रंगाऱ्या —

वर — खाली —

फोड आता हलत नाही. पटाशी उचलतो. पेरोनेल मान हलवते आहे. फोड म्हणते की नको म्हणते, तोंडच नाही तर मला कसं —